'कांदीद' : काही महिन्यांच्या सहवासानंतर

फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरची 'कांदीद' ही छोटेखानी कादंबरी गेले काही महिने माझ्या उशाशी आहे. १७५९ साली निनावी प्रसिद्ध झालेली ही तीस प्रकरणांची गोष्ट एका बैठकीत वाचून होते. पण तिच्यातला विनोद वारंवार वाचूनही शिळा होत नाही, उलट अधिकच बोचतो.

'हे जग शक्य तितक्या जगांतले सर्वोत्तम' या जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्‌झच्या सिद्धान्ताची खिल्ली उडवताना व्हॉल्तेअर प्रतिवाद करत बसत नाही. तो नायक कांदीदच्या पांग्लॉस गुरुजींना बोलू देतो. नाके चष्म्यासाठी घडवली आहेत, म्हणूनच आपण चष्मे घालतो, हे त्यांचे तर्कशास्त्र. लिस्बनच्या बंदरात, आश्रय देणारा सज्जन जाक एका खलाशाला वाचवताना समुद्रात पडतो, तेव्हा त्याच्यामागे उडी घेऊ पाहणाऱ्या कांदीदला गुरुजी अडवतात आणि हे बंदर जाकने बुडावे म्हणूनच निर्माण झाले, असे सिद्ध करू लागतात. सिद्धता चालू असतानाच जहाज फुटते. ते किनाऱ्याला लागतात न लागतात तोच १७५५चा भूकंप होतो. हा वेग हेच या विनोदाचे मर्म आहे, कारण दुःखाला थांबायला जागाच मिळत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये मात्र लेखक थांबतो. उजवा हात आणि डावा पाय तोडलेला गुलाम रस्त्यात पडलेला आहे आणि युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीवर, असे तो शांतपणे सांगतो. तिथे मला एकदाही हसू आले नाही, आणि कांदीदही तिथेच पहिल्यांदा गुरुजींचे मत सोडतो.

तक्रारी दोन आहेत. १७६१ मध्ये वाढवलेले पॅरिसचे प्रकरण रेंगाळते. शिवाय कांदीदची प्रेयसी क्युनेगाँद हिच्या वाट्याला आलेले अत्याचार ज्या घाईने उरकले जातात, ती घाई मला अजूनही खटकते.

घ्यायची असेल तर तळटिपा असलेली आवृत्तीच घ्यावी. नाहीतर इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला डोळे बांधून, गुडघे टेकवून ज्याला गोळ्या घातल्या जातात तो १७५७ सालचा खराखुरा ॲडमिरल बिंग होता, हे कळणार नाही, आणि त्याला का मारले असे कांदीदने विचारल्यावर मिळालेल्या, इतरांना हुरूप यावा म्हणून इथे अधूनमधून एखादा ॲडमिरल मारलेला बरा, या उत्तराचा डंख अर्धाच लागेल.