माती तपासली खरी, पण आधी चुकीचीच (३ स्टार)

३ स्टार देतेय. त्यातले दोन आत टेस्टिंग करणाऱ्या मॅडमना आणि एक रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला म्हणून. काउंटरला काही नाही. लॅबचं नाव लिहीत नाही, काउंटरवरचा मुलगा नवीनच दिसत होता, उगाच त्याच्या नोकरीवर नको यायला.

तर झालं असं, आमचं घर नाशकातल्या सिडकोतलं, जुनं. कंपाउंडच्या भिंतीला लागून दीड-दोन फुटांची मातीची पट्टी आहे, आई तिथे मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर लावते. दिवाळीआधी पेंटरने गेट आणि ग्रिल पॉलिश पेपरने घासले, वरचा पोपटी, त्याखाली निळा, त्याखाली अजून कुठलातरी, आणि सगळा भुगा त्या पट्टीत. नंतर पावसात माती धुपली तेव्हा निळे टवके वर आले आणि आई त्यातूनच मेथी उपटत होती. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय, आमच्या गेटचे खालचे थर माझ्या लग्नाच्याही आधीचे. म्हटलं माती तपासूनच घेऊ.

नाशकात लॅबला तोटा नाही, द्राक्षवाल्यांमुळे. मी गेले तेव्हा काउंटरवर द्राक्षाच्या पानांच्या देठ परीक्षणाच्या पिशव्यांचा ढीग आणि माझी आपली एक डब्यातली माती. मुलाने विचारलं प्लॉट किती एकरचा, मी म्हटलं भाजीची पट्टी आहे हो घरातली, तो हसला आणि पावती फाडली. रिपोर्ट आला तो एकदम छान, पीएच ७.९, सेंद्रिय कर्ब मध्यम, एनपीके, झिंक, बोरॉन, सगळं आहे आणि खाली युरिया एकरी किती किलो टाकायचा तेसुद्धा! शिशाचा पत्ताच नाही. फोन केला तर म्हणे "ताई, ते शेतीच्या पॅकेजात नसतं." मग मी पावती फाडताना काय बोलत होते?

हे खरंच लक्षात घ्या कारण मलाही माहीत नव्हतं. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत सुद्धा १२ गोष्टी तपासतात, पण त्यात शिसं, कॅडमियम नाही. ती टेस्ट पीक कसं येईल ते सांगते, ते खायला चालेल का ते नाही. जड धातूंची टेस्ट वेगळी मागायची, पैसेही वेगळे, आणि प्रत्येक नमुन्याचे, त्यामुळे खिसा बघून जा.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मॅडम स्वतः बाहेर आल्या. आधी माझा डबाच बाद केला, गंजक्या खुरप्याने आणि एकाच जागेवरून काढलेली माती म्हणून. म्हणाल्या लाकडी किंवा प्लास्टिकचं काहीतरी घ्या, आठ-दहा ठिकाणची वरची १५ सेंमी माती एकत्र करा, गोल ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच, मग सावलीत वाळवा. आणि भिंतीजवळची वेगळी, लांबची वेगळी. गच्चीवरच्या मातीच्या क्रेटबद्दल त्यांनी विचारलं, "गणपतीची माती टाकता का त्यात?" टाकतो ना दरवर्षी. साधी शाडूची असेल तर टाका, ऑइलपेंट मारलेली मूर्ती असेल तर नको म्हणाल्या.

रिपोर्ट: भिंतीलगत शिसं ३१२ पीपीएम, पलीकडच्या कोपऱ्यात ४१, गच्चीवर १८. एक स्टार इथेही कापलाय कारण "मर्यादा" या रकान्यात नुसती रेघ! मग आकडा घेऊन मी काय करू? शेवटी मीच शोधलं, अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) घराच्या मातीसाठी सावध व्हायचा आकडा जानेवारी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणला. मॅडमना फोन केला तर घाबरू नका म्हणाल्या, आपली माती चुनखडीची, पीएच आठच्या आसपास, त्यात शिसं मातीला धरून बसतं, मुळातून फार वर चढत नाही. खरी भानगड पानांना चिकटलेल्या मातीची आणि लहान मुलांच्या हातांची. माझा भाचा तिथेच चिखलाचे लाडू वळत बसतो, ते ऐकून पोटात गोळाच आला.

आता पालेभाजी आणि मुळा गच्चीवर हलवलाय, भिंतीजवळ शेणखत पसरून जास्वंद लावलीय, माती उघडी राहू नये म्हणून वर पालापाचोळा. वांगी-टोमॅटो पलीकडच्या कोपऱ्यात, फळभाजीत शिसं कमीच उतरतं. आईचा राग मात्र अजून गेला नाही, कारण भिंतीला टेकून कढीपत्त्याचं झाड आहे, चांगलं पंधरा वर्षांचं, आणि मी फोडणीला पानं तोडू देत नाही. मॅडम म्हणाल्या पानं घेऊन या, धुतलेली आणि न धुतलेली, दोन्ही तपासू. सोमवारी जातेय, या वेळी पावती वाचून घेईन.