बंद पडलेला जुना ट्रॅक्टर: ओढून चालू करायचा की आधी उघडायचा?
कागलकडं गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर दिसला की पोरं साखळी घेऊन तयारच. ओढायला वेळ लागत नाही. पण पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजून चिकटल्या असतील तर त्या तुटतात, नि व्हॉल्व्ह अडकला असेल तर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, वाकतो.

उघडणं कंटाळवाणं, तरी मी तेच करीन. टाकीतलं जुनं डिझेल नि तळाचं पाणी काढा, फिल्टर-ऑइल बदला. डिझेल फवारणारं नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, मुरू द्या, मग इंजिन हातानं फिरवा. डिझेल पंप जाम असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात दाखवा, घरी ठोकू नका. शेवटी डिझेलच्या लाइनमधली हवा काढा.

ओढणं फक्त बॅटरी उतरलेल्या, परवापर्यंत चालणाऱ्या ट्रॅक्टरला. ओढा नाहीतर उघडा, चालू करताना इंजिनात हवा जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ते बंद करायला फळी घेऊन माणूस हवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला तर इंजिन बेफाम पळतं.