गेम डिझाईनचा समर कॅम्प : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे मध्ये लेकीला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका गेम डिझाईन कॅम्पला घातलं होतं, दोन आठवडे, रोज तीन तास. तेव्हा ती सातवीत जाणार होती. लगेच लिहिलं नाही कारण सुट्टीतलं वेड शाळा सुरू झाली की उतरतं. आता मार्च आलाय, वेड उतरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

पहिले दोन दिवस कॉम्प्युटर लावलाच नाही. सापशिडी दिली आणि सांगितलं, एकच नियम बदला न् शेजारच्याला खेळायला लावा. हिने नियम केला की साप चावला तर खाली जायचं किंवा एक डाव बसायचं, ज्याचं त्याने ठरवा. सगळे बसायलाच लागले! घरी येऊन म्हणाली, आई, सापाची भीतीच गेली गं, गेम बोअर झाला. मग एकाच्या जागी तीन डाव केले, तेव्हा कुठे मुलं विचार करायला लागली. मला विचाराल तर फीचे पैसे इथेच वसूल झाले.

नंतर स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये आणलेलं, फुकट आहे, ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचा. पडदा ४८० बाय ३६० चा, मधोमध शून्य, त्यामुळे शाळेत निर्देशांक यायच्या आधीच हिला उणे एक्स म्हणजे डावीकडे हे पाठ झालं. उडी मारायला शिकताना पात्र लिफ्टसारखं सरळ वर न् सरळ खाली यायचं. मग सरांनी ‘वेग’ नावाचं व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवायचा डबा, करायला लावलं, उडीच्या वेळी वेग १२, मग दर वेळी त्यातून १ वजा करायचा आणि उरलेला वेग वाय मध्ये, म्हणजे पात्राच्या उंचीत, मिळवायचा. झाली खरी उडी! त्या रात्री जेवताना फक्त तेच चालू होतं.

तिचा गेम द्राक्षाचे घड क्रेटमध्ये झेलायचा. कॅम्पचा नियम, दुसरा खेळत असताना बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, फक्त बघून वहीत लिहायचं. पंचवटीच्या आजीला बसवलं, आजी नुसतं स्पेस बार दाबत बसल्या, घड पडतायत धडाधड, आणि ही ओठ घट्ट मिटून बसलेली. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला एकच घड हळू पडेल असं केलं आणि खाली दोन मोठे बाण काढले. आजींनी पुढच्या वेळी सतरा घड झेलले.

आता जे आवडलं नाही ते. शेवटचे चार दिवस मुलांना एकदम युनिटी या मोठ्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नेलं, तयार थ्रीडी गेममध्ये रंग बदलायचे न् पालकांना दाखवायचं. आमच्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते घरी उघडलंसुद्धा नाही. विचारलं तर म्हणे पालकांना थ्रीडीच हवं असतं. मला याचं खरंच वाईट वाटलं, त्याच चार दिवसांत प्रत्येकाचा गेम आणखी पाच जणांकडून खेळून घेता आला असता.

दिवाळीच्या सुट्टीत हिने स्वतःच गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं, तेही फुकट आणि ओपन सोर्स, टूडीसाठी आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. ब्लॉकवरून टाइप करायच्या कोडवर येताना पहिले पंधरा दिवस रडारड झाली, इंग्रजी एरर वाचायला मी शेजारी बसायचे.

यंदा कुणी चौकशीला जाणार असाल तर शेवटच्या दिवशी काय दाखवणार ते नका विचारू, मुलांचे गेम किती वेळा दुसऱ्यांकडून खेळून घेता ते विचारा. वही अजून चालू आहे, परवा गॅसवाल्या दादांनाही खेळायला बसवलं होतं.