नोकरीतल्या मेडिकल कोडरांसाठीचा पुण्यातील उजळणी वर्ग: एक परीक्षण

मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे रुग्णाच्या नोंदीतले आजार आणि उपचार विम्याच्या बिलासाठी ठरीव कोडांत उतरवण्याच्या, नोकरीत रुळलेल्या माणसाला प्रशिक्षणाची वानवा नसते. कंपनीतले क्वालिटीचे लोक दर महिन्याला चुकांची यादी घेऊन बसवतात, फुकट वेबिनारची आमंत्रणे येतच असतात आणि यूट्यूबवर व्हिडिओंना तोटा नाही. असे असूनही पुण्यात शनिवार-रविवारी सकाळी भरणारा एक उजळणी वर्ग मी पदरचे पैसे भरून पूर्ण केला आणि त्यावर सविस्तर लिहावे इतका तो वेगळा वाटला. वर्गाचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर काही गाऱ्हाणीही आहेत. शिवाय याच धर्तीचे वर्ग इतर शहरांतही निघतात आणि त्यांची पारख करतानाही हेच मुद्दे उपयोगी पडतील.

या वर्गाकडे बहुतेक जण वळतात ते गुणांच्या हिशेबापोटी. अमेरिकेतील एएपीसी ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था सीपीसी हे कोडरचे प्रमाणपत्र देते. ते टिकवायचे तर सभासदत्व चालू ठेवून दर दोन वर्षांत ३६ सीईयू, म्हणजे चालू शिक्षणाचे गुण, जमवावे लागतात, आणि दोन प्रमाणपत्रे असतील तर ४८. आरोग्यनोंदींच्या क्षेत्रातली १९२८ पासूनची जुनी संस्था अहिमा हिच्या सीसीएस या कोडिंगच्या प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २० पुरतात. हे गुण जमवणे मुळीच अवघड नाही. एका स्क्रीनवर वेबिनार चालू ठेवून दुसऱ्या स्क्रीनवर दिवसाचे टार्गेट पुरे करणारे सहकारी कुठल्याही फ्लोअरवर सापडतील, आणि शेवटची छोटी चाचणी अंदाजपंचे उत्तरे देऊनही पार पडते. अवघड आहे ते नियम बदलला की हाताची सवय बदलणे. आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडसंचाचे नवे कोड दर १ ऑक्टोबरला लागू होतात आणि काही १ एप्रिललाही येतात, उपचार आणि तपासण्यांचा कोडसंच सीपीटी १ जानेवारीला बदलतो, आणि कोणते कोड एकत्र पाठवता येत नाहीत हे सांगणाऱ्या एनसीसीआयच्या एडिट्स दर तिमाहीला. एखादा कोड रद्द झाला तर सॉफ्टवेअर तो स्वीकारतच नाही. मार्गदर्शक सूचनांमधले एखादे वाक्य बदलले तर मात्र कोणीच अडवत नाही आणि कोडर जुन्या समजुतीने चार्टमागून चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, हातावेगळे करत राहतो. उजळणीची गरज नेमकी तिथे असते आणि वर्गाच्या चालकांनी ती ओळखली आहे.

वर्गाचा कणा म्हणजे चार्टवाचन. शिकवणाऱ्या मॅडम मुळात परिचारिका. पुढे कोडिंगमध्ये येऊन त्यांनी बराच काळ ऑडिटर म्हणून काम केले आहे. रुग्णाची ओळख काढून टाकलेला चार्ट त्या पडद्यावर लावतात, प्रत्येकाला कोड वहीत लिहायला लावतात आणि मग उत्तर न देता एकच प्रश्न विचारत फिरतात: "कुठल्या ओळीवरून?" एका सत्रातला चार्ट बाह्यरुग्ण विभागाचा होता. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुनाट आजार स्टेज ३ए, इन्सुलिन बरेच दिवस चालू, धाप लागत असल्याची तक्रार, आणि शेवटी डॉक्टरांचा शेरा की हार्ट फेल्युअरची शक्यता आहे, इको करून घ्यावा. वर्गातल्या अनेकांनी ई११.९ (मधुमेह), आय१० (उच्च रक्तदाब) आणि एन१८.३१ (मूत्रपिंडाचा आजार) असे सुटे सुटे कोड लिहिले, कारण मधुमेहामुळे किंवा रक्तदाबामुळे मूत्रपिंड बिघडले असे डॉक्टरांनी कुठेही म्हटलेले नव्हते. मॅडमनी पुस्तक उघडायला लावून 'विथ'चा नियम मोठ्याने वाचून घेतला: सूचीत हे आजार 'विथ'खाली जोडलेले असतील तर त्यांचा संबंध गृहीत धरायचा, आणि संबंध नाही असे डॉक्टरांनीच स्पष्ट लिहिले असेल तरच तो तोडायचा. म्हणून ई११.२२ (मूत्रपिंडाच्या आजारासह मधुमेह), आय१२.९ (मूत्रपिंडाच्या आजारासह रक्तदाब), एन१८.३१ आणि इन्सुलिनसाठी झेड७९.४.

हार्ट फेल्युअरवर खरी वादावादी झाली. बाह्यरुग्णाच्या चार्टमध्ये 'शक्यता' किंवा 'संशय' अशा शब्दांच्या आधारे निदान कोड करता येत नाही, त्यामुळे तिथे धापेचा आर०६.०२ एवढाच लागतो, हे बहुतेकांना पाठ होते. मात्र तोच शेरा दाखल रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत शेवटपर्यंत कायम राहिला असता, तर हार्ट फेल्युअर आहे असे धरूनच कोड करावे लागले असते आणि आय१२.९ च्या जागी आय१३.० (रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड मिळून) येऊन त्याच्या जोडीला हार्ट फेल्युअरचा आय५०.९ लावावा लागला असता, ही गोष्ट आयुष्यभर फक्त ओपीडीचेच चार्ट केलेल्यांना नवी होती. कंपनीत माणूस एकाच स्पेशालिटीत अडकून पडतो, आणि त्या कुंपणापलीकडचे नियम किती वेगळे आहेत हे कळायला असा एखादा चार्ट पुरेसा असतो. व्हिडिओ पाहून हे होत नाही, कारण व्हिडिओ कोणालाही "कुठल्या ओळीवरून" असे विचारत नाही.

ई अँड एमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणी-भेटीच्या कोडांवरच्या, सत्रांचा दर्जाही याच तोडीचा होता. २०२१ मध्ये ओपीडी व्हिजिटचे आणि २०२३ मध्ये रुग्णालयातील व्हिजिटचे नियम बदलल्यापासून पातळी ठरते ती वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा वेळेवर. वर्गात वादाचा विषय झाला तो ९९२१४, म्हणजे जुन्या रुग्णाच्या मध्यम पातळीच्या भेटीचा कोड. दोन स्थिर जुनाट आजार आणि औषधांचे व्यवस्थापन एवढे असले की मध्यम पातळी गाठली जाते, हे खरे. पण चार्टच्या तळाशी सॉफ्टवेअरने आपोआप ओतलेली औषधांची यादी म्हणजे व्यवस्थापन नव्हे, डॉक्टरांनी त्या औषधाबद्दल त्या भेटीत काही ठरवल्याचे दिसले पाहिजे, हा मुद्दा मॅडमनी चांगले आणि वाईट असे दोन चार्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवला. प्रक्रियेच्याच दिवशी वेगळी तपासणीही झाली असे सांगणाऱ्या मॉडिफायर २५ बाबतही तसेच. गुडघ्यात इंजेक्शन द्यायचे मागच्या भेटीतच ठरलेले, रुग्ण आज त्यासाठीच आलेला, आणि नोंदीत गुडघेदुखीशिवाय दुसरे काहीही नाही. अशा वेळी इंजेक्शनच्या २०६१० सोबत भेटीच्या ९९२१३ ला २५ जोडून पाठवणे म्हणजे डिनायलला, बिल नाकारले जाण्याला, आमंत्रण, आणि डिनायल आला नाही तर पुढच्या ऑडिटला. अशा नोंदीत इंजेक्शनचाच कोड जातो. हे ऐकायला सोपे वाटते, पण क्लायंटच्या अपेक्षा आणि टीम लीडचा तगादा यांच्यामध्ये बसलेल्या कोडरला 'नाही' म्हणण्यासाठी हातात नियम लागतो, आणि तो या वर्गात नेमक्या परिच्छेदासह मिळतो.

एचसीसीच्या, म्हणजे रुग्णांच्या आजारांच्या गटांवरून विमा योजनेला मिळणारी रक्कम ठरवण्याच्या पद्धतीवरच्या, सत्राने मात्र पुरती निराशा केली, आणि फी पाहता ती सोडून देण्यासारखी नाही. मेडिकेअर ॲडव्हान्टेज या अमेरिकी विमा योजनांसाठीचे व्ही२८ मॉडेल २०२४ पासून ३३, ६७ आणि १०० टक्के अशा तीन वार्षिक टप्प्यांनी आणण्यात आले. पैसे देणारे गट त्यात ८६ वरून ११५ झाले, पण त्या गटांत बसणाऱ्या निदान-कोडांची संख्या ९,७९७ वरून ७,७७० वर आली, आय७३.९ (रक्तवाहिन्यांचा आजार) सारखा रोजच्या पाहण्यातला कोड यादीतून गेला, आणि मधुमेहाचे गुंतागुंतीसह व गुंतागुंतीविना असे जे गट आहेत त्यांना एकच वजन मिळाले. एवढी उलथापालथ झालेली असताना वर्गात वाटलेल्या झेरॉक्स आधीच्या व्ही२४ मॉडेलच्याच होत्या. पाहुणे म्हणून आलेले सर अनुभवी असतील, परंतु प्रश्न विचारल्यावर "तत्त्व तेच आहे" एवढेच उत्तर मिळाले. तत्त्व तेच आहे हे मान्य. मॉनिटर, इव्हॅल्युएट, असेस, ट्रीट यांपैकी काहीतरी नोंदीत सापडल्याशिवाय आजार धरायचा नाही, हे व्ही२८ मध्येही बदललेले नाही. पण ज्यासाठी सुट्टीची सकाळ खर्ची घातली ती गोष्ट काय बदलले ही होती. या सत्राची ध्वनिचित्रफीत नंतर सुधारून देऊ असे सांगण्यात आले होते. हे लिहीपर्यंत ती आलेली नाही.

स्वयंचलित कोडिंगचाही उल्लेख तसाच ओझरता झाला. रेडिओलॉजी आणि इमर्जन्सीसारख्या ठरीव साच्याच्या कामात यंत्राने सुचवलेले कोड तपासणे हेच कोडरचे काम होत चालले असताना, यंत्राची चूक कुठे शोधायची याचे एखादे सत्र उजळणी वर्गात हवेच होते.

अपेक्षा नसताना उत्तम निघाले ते मेडिकल रेकॉर्ड विभागावरचे सत्र. आमच्यासारख्या अमेरिकेच्या कामावर पोसलेल्यांना आपल्याच रुग्णालयांतील नोंदींचे जग परके असते. मोठ्या रुग्णालयाच्या एमआरडीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा फॉर्म ४ पडद्यावर लावला आणि पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढे लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडण्याची पद्धत दाखवली. हृदय आणि श्वास थांबणे हा प्रत्येकच मृत्यूचा शेवट असतो. जंतुसंसर्ग कशाने झाला, त्यामागे मधुमेह होता की कर्करोग, हे खालच्या ओळींत आले नाही तर आयसीडीप्रमाणे मूळ कारण निवडता येत नाही आणि आकडेवारीत तो मृत्यू निरुपयोगी खान्यात जाऊन पडतो. त्यानंतर त्यांनी २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनबद्दल, आभा या १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांकाबद्दल आणि स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोशाच्या भारतातील राष्ट्रीय केंद्राचे काम पुण्यातच, सी-डॅकमध्ये, चालते याबद्दल सांगितले. या मिशनसाठी नोंदी संरचित करायच्या तर कोडिंग जाणणारी माणसे येथेही लागतील, हे त्यांचे म्हणणे मला पटले. केंद्रीय आरोग्य गुप्तवार्ता कार्यालयाच्या, म्हणजे सीबीएचआयच्या, वैद्यकीय नोंदी अधिकारी आणि तंत्रज्ञ अभ्यासक्रमांची माहितीही त्यांनी दिली. चालकांनी या सत्राला दुपारच्या जेवणाआधीचा उरलेला वेळ दिला होता, याचे वाईट वाटते.

नवख्यांनी हा वर्ग घ्यावा का, असे मला बीएचएमएस आणि बी.फार्म. झालेल्या ओळखीच्या मुलांनी विचारले. माझे मत 'नको' असे आहे. जाहिरातीत शंभर टक्के प्लेसमेंट असे ठळक छापले आहे, आणि चौकशी केली तर त्याचा अर्थ मुलाखतीची हमी एवढाच निघतो. सीपीसीच्या परीक्षेत १०० प्रश्न आणि ४ तास असतात, ७० टक्क्यांना उत्तीर्ण होता येते आणि पुस्तके समोर ठेवण्याची मुभा असते. पण अनुभव नसलेल्याला उत्तीर्ण झाल्यावरही नावापुढे 'ए' (अप्रेंटिस) जोडलेले सीपीसी-ए मिळते, आणि तो 'ए' काढायला कामाचा अनुभव दाखवावा लागतो. ज्याने एकही चार्ट पाहिलेला नाही त्याला या वर्गातली वादावादी डोक्यावरून जाईल. त्याने शरीररचना, वैद्यकीय परिभाषा आणि पुस्तकाची सूची वापरण्याचा सराव यांवर आधी काही महिने घालवावेत. परीक्षेसाठी पुस्तकांना टॅब कुठे लावायचे हे दाखवणारे सत्र मात्र नवख्यांनाही उपयोगी आहे: टॅब पान सापडण्यापुरता असावा, त्यावर जादा माहिती कोंबलेली चालत नाही, आणि समासात हाताने लिहिलेल्या टिपा रोजच्या कामाशी संबंधित असाव्यात, हे नियम तिथे नमुना पुस्तक हातात देऊन समजावतात.

सोयीसुविधांबद्दल थोडक्यात. शिकवणे मराठी-इंग्रजी मिसळून चालते आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मुलांना त्याचा मोकळेपणा वाटतो. शनिवारची सकाळ ही रात्रपाळी करणाऱ्यांसाठी अत्यंत गैरसोयीची वेळ आहे. शुक्रवारची शिफ्ट संपवून हिंजवडीहून थेट वर्गात येणारे पहिल्या सत्रात पेंगत असतात आणि चालकांना ते दिसूनही वेळ पुढे सरकत नाही. फी एकरकमी घेतात, हप्ते नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी पुस्तके घेताना सावध राहावे, कारण पुढच्या वर्षाचे साल छापलेले आयसीडीचे पुस्तक १ ऑक्टोबरपासूनच लागू झालेले असते आणि सीपीटीचे नवे पुस्तक जानेवारीत लागू होते. वर्गात या काळात दोन वेगवेगळ्या सालांची पुस्तके शेजारी ठेवून काम करावे लागते. सीईयूसाठी येणाऱ्यांनी फी भरण्याआधीच कोणत्या सत्राला एएपीसीची मान्यता आहे आणि त्याचा इंडेक्स नंबर प्रमाणपत्रावर छापून मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. आमच्या तुकडीत एमआरडीच्या सत्राचा नंबर शेवटपर्यंत मिळाला नाही आणि ते गुण कोणालाच आपल्या खात्यात नोंदवता आले नाहीत.