सोळा इनपुट एकदम गेले आणि चांगलं कार्ड हातचं गेलं

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात ज्यांच्या मशीन अजून सिमेन्सच्या एस७-३०० पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या भागात एक 'सर्व्हिस इंजिनिअर' फिरतो. पाठीला लॅपटॉपची बॅग, बोलणं गोड, दर वाक्यात 'सर'. तक्रार पोलिसांत दिली आहे म्हणून नाव टाकत नाही. त्याची पद्धत तेवढी सांगतो.

आमची डाळीचे पाऊच भरायची मशीन आहे. गार्डच्या, म्हणजे मशीनच्या संरक्षक आवरणाच्या, दरवाजाचा स्विच मधूनच दगा द्यायचा. मशीन थांबायची, दरवाजा एकदा उघडून लावला की पुन्हा चालायची. दुखणं एवढंच. पण तान्ह्या पोळ्याचे दिवस, अर्धी पोरं मारबतीची मिरवणूक बघायला गेलेली, पॅनल सांभाळणारे आमचे काका काटोलला आणि ऑर्डर अंगावर. ओळखीतून या माणसाचा नंबर मिळाला.

तो आला. पॅनल उघडून वायरी हलवून बघितल्या, इनपुट कार्डाची, म्हणजे स्विच-सेन्सरचे सिग्नल पीएलसीत घेणाऱ्या कार्डाची, झडप खाली करून स्क्रूड्रायव्हर फिरवला. मी फोन घ्यायला बाहेर गेलो. परत आलो तर कार्डाच्या डाव्या रांगेतले सोळाच्या सोळा इनपुट बंद, मशीन ठप्प.

मग त्याने मला मीटर लावून दाखवलं. काळी पिन पॉवर सप्लायच्या मायनसवर, लाल पिन इनपुटच्या टर्मिनलवर. २४ व्होल्ट. "बघा सर, सेन्सरकडून सप्लाय येतोय, पण एलईडी लागत नाही. कार्ड आतून गेलं." सीपीयूवर (पीएलसीच्या मुख्य भागावर) लाल लाइट नव्हता, म्हणजे बाहेरची वायर तुटलेली नाही, असा तोही त्याने पुरावा धरला. खरं तर या साध्या कार्डात निदानाची सोयच नसते. बाहेरची वायर तुटली तरी सीपीयूला त्याचा पत्ता लागत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. तो म्हणाला, ही एस७-३०० मालिका २०२३ पासून फक्त स्पेअर म्हणून मिळते (हे खरं आहे, म्हणून तर मासा गळाला लागतो), नवीन मागवलं तर वेळ लागेल, माझ्याकडे एक पीस आहे, मुंबईहून आणलेला. ३२,००० सांगितले, जुनं कार्ड दिलं तर ३,००० कमी. बिल घेतलं तर वर १८ टक्के जीएसटी. सप्लाय बंद करून कार्ड बदललं, चालू केलं, सगळे एलईडी लागले. पैसे यूपीआयने घेतले. खातं त्याच्या नावाचं नव्हतं, "मिसेसचं आहे" म्हणाला.

गार्डचं दुखणं मात्र तसंच राहिलं. काका काटोलहून आले, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जळालेल्या कार्डाचे तीन हजार कोन देते जी?"

मग त्यांनी जे करून दाखवलं, ते ज्याच्याकडे हे कार्ड आहे त्याने बघून ठेवावं. आमचं कार्ड एसएम ३२१, बत्तीस इनपुटचं. सोळा-सोळाचे दोन गट, आणि प्रत्येक गटाचा कॉमन, म्हणजे करंट परत जायची सामाईक वायर (कार्डावर 'एम'), वेगळा. पहिल्याचा २० नंबरच्या टर्मिनलवर, दुसऱ्याचा ४० वर. दोन्ही आपापल्या रांगेत सगळ्यात खाली. काकांनी सप्लाय बंद केला, २० नंबरची वायर काढली, पुन्हा चालू केलं. डावे सोळा गेले. लाल पिन इनपुटवर, काळी सप्लायच्या मायनसवर: २४ व्होल्ट. अगदी तेच दृश्य, तेही मुंबईहून आलेल्या 'नव्या' कार्डावर.

"आता काळी पिन इथं लावा," म्हणत त्यांनी ती २० नंबरवर टेकवली. आकडा पडला. कार्डाला इनपुट चालू समजायला १३ ते ३० व्होल्ट लागतात, ५ च्या खाली ते बंदच समजतं, आणि हे व्होल्ट त्याच्या स्वतःच्या कॉमनच्या तुलनेत हवेत. कॉमन तुटला की करंटला परतीची वाट नाही. एका इनपुटला साधारण ७ मिलिअँपिअर लागतात, ते कुठून वाहणार? २० नंबर आणि सप्लायचा मायनस यांच्यात शून्य दिसायला हवं, तिथे भलतंच व्होल्टेज दिसत होतं. सोळा इनपुट एकदम गेले तर आधी कॉमन बघायचा, एखाद-दुसरा गेला तरच कार्डावर शंका घ्यायची, असं काकांचं म्हणणं.

हे सगळं बघत उभा असलेला आमचा ऑपरेटर तेव्हा बोलला. "सायेब, त्यांनी पयलेच तो खालचा स्क्रू ढिला केला होता. अन् कार्ड लावल्यावर कसला." या कार्डाला पुढे ४० पिनांचा कनेक्टर असतो. तो अख्खा निघतो आणि तसाच नव्या कार्डावर बसतो, वायरींना हात लावायचं कामच नसतं. तरी त्याने स्क्रूड्रायव्हर फिरवला. पोरावर रागावण्यासारखं काही नव्हतं, 'सर सर' करणाऱ्या शिकलेल्या माणसासमोर तो काय बोलणार?

गार्डचा स्विच? दरवाजाच्या बिजागरीत केबल घासून आतली तार तुटत आली होती. केबल बदलली, झालं.

बुटीबोरीच्या एका मित्राला हे फोनवर सांगत होतो. तो म्हणाला, थांब, मीही त्याच्याकडूनच कार्ड घेतलंय. त्याने सप्लाय बंद करून कार्ड काढलं आणि फोटो पाठवला. खालच्या बाजूला पांढऱ्या पेंट पेनने लिहिलेला आमच्या पॅनलचा नंबर, पॅनल बनवताना टाकलेला. आमचं कार्ड! मग आमच्याकडे आलेलं कुणाचं, ते अजून कळलेलं नाही.

त्याला फोन केला तर म्हणाला, "सर, कार्ड आणून द्या, टेस्ट करून देतो." नंतर नंबर लागलाच नाही. मशीन धंद्याची असल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता कठीण आहे. २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळलेली आहे. म्हणून फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली दिली. बिल नसल्याने यूपीआयची नोंद, तो फोटो आणि ऑपरेटरचं सांगणं, एवढंच हाताशी आहे.

तुमच्याकडे कुणी 'कार्ड गेलं' म्हटलं तर मीटरची काळी पिन कार्डाच्या एमवर लावून दाखवायला सांगा. पॅनलमध्ये त्याच ऑर्डर नंबरचं (म्हणजे त्याच मॉडेलचं) दुसरं कार्ड असेल तर सप्लाय बंद करून दोघांची अदलाबदल करा. खराबी कार्डाबरोबर गेली तर कार्ड, जागेवरच राहिली तर वायरिंग. हे करायला जो टाळाटाळ करतो त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि जुनं कार्ड कुणालाही नेऊ देऊ नका, तीन हजार कमी होत असले तरी. आम्ही आता प्रत्येक कार्डाच्या सीरियल नंबरचा फोटो काढून पॅनलच्या दाराला आतून चिकटवला आहे.

बुटीबोरीचा मित्र आमचं कार्ड परत द्यायला तयार होता. पण ते त्याच्या मशीनमध्ये व्यवस्थित चालतंय आणि त्यानेही पैसे मोजले आहेत, म्हणून तूर्त तिथेच राहू दिलं. पोलिसांनी मागितलं तर काढून देऊ.