नाशिकच्या या रक्तपेढीला चार स्टार, तेही माझ्या भावाला परत पाठवल्याबद्दल

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त तयार न होणारा जन्मजात आजार. आठ महिन्यांचा होता तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी लागते. आत्तापर्यंत दीडशेच्या आसपास अनोळखी माणसांचं रक्त त्याच्या अंगात गेलंय.

आधी आम्ही दुसरीकडून आणायचो. तिथे एकदा विचारलं, नॅट (रक्तात थेट विषाणू शोधणारी तपासणी) करता का? मान वर न करता उत्तर आलं, "सगळं टेस्टेडच असतं ताई." २०११ मध्ये जुनागढला रक्त घेणारी थॅलेसेमियाची २३ मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली होती. ती बातमी वाचल्यापासून 'टेस्टेड' एवढ्या एका शब्दावर माझं समाधान होत नाही.

नाशिकच्या या रक्तपेढीत दोन वर्षांपूर्वी आलो, तो मे महिना होता. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, फ्रीज रिकामे. बदली रक्तदाता म्हणून, म्हणजे घेतलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त द्यायला, धाकट्या भावाला घेऊन गेले. वजन झालं, हिमोग्लोबिन १४ भरलं, आणि फॉर्म भरताना त्याने सांगितलं की चार महिन्यांपूर्वी टॅटू काढलाय. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही. मी चिडले. म्हटलं, तपासणी करताच ना, मग घ्या की.

त्या डॉक्टरांनी मला बसवून नीट समजावलं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत. पण टॅटूच्या सुईतून किंवा कशीही लागण झाली, तरी लगेच रक्तात काही दिसत नाही. अँटिबॉडीच्या (विषाणूशी लढायला शरीर जे बनवतं त्याच्या) नेहमीच्या तपासणीत एचआयव्ही सापडायला साधारण तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस सी ला तर दोनेक महिने. नॅट थेट विषाणूच शोधते, म्हणून हा काळ बराच कमी होतो: एचआयव्हीला दहा-अकरा दिवस, सी ला आठवडाभर. शून्य मात्र होत नाही. उरलेल्या दिवसांत दात्याने खरं सांगणं हाच उपाय. नॅट सक्तीची नसूनही इथे प्रत्येक पिशवीची करतात. आणि प्रश्न एका बाजूला, पडदा ओढून विचारतात. मित्रांसमोर कोण खरं बोलणार? निघताना भावाच्या हातात चिठ्ठी दिली: घरी गेल्यावर काही आठवलं तर या नंबरवर कळवा.

शिबिरात बादल्या आणि हेल्मेट वाटणाऱ्यांनी हे एकदा येऊन बघावं. वस्तूसाठी रांगेत उभा राहिलेला माणूस फॉर्मवर कशाला खरं लिहील?

त्या दिवशी पिशवी मिळायला संध्याकाळ झाली, पण मिळाली. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकसकट. लेबलवर गट, युनिट नंबर, काढल्याची आणि संपण्याची तारीख, सगळं वाचता येईल असं छापलेलं. थॅलेसेमियाचं कार्ड दाखवल्यावर पैसे घेतले नाहीत.

एक स्टार कापला तो रात्रीसाठी. रात्री एकच टेक्निशियन असतो. गेल्या दिवाळीत क्रॉसमॅचला (पिशवीचं रक्त मुलाच्या रक्ताशी जुळतं का ते बघायला) अडीच तास लागले आणि बाहेर बसायला धड बाकडंही नाही. तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन पायरीवर बसावं लागतं. हे बदलायलाच हवं.

ज्यांच्या मुलांना नियमित पिशवी लागते त्या पालकांनी क्रॉसमॅचसाठी मुलाच्या रक्ताचं सॅम्पल आदल्या दिवशी सकाळीच द्यावं. तीन दिवसांपेक्षा जुनं सॅम्पल चालत नाही, त्यामुळे फार आधी देऊनही उपयोग नाही.