इंग्लिश शिकायला गेले आणि इंग्लिश कागदावरच फसले

हे लिहायला मला पाच महिने लागले कारण लाज वाटत होती. पण परवा बसमध्ये पुन्हा तसंच पोस्टर दिसलं, स्पोकन इंग्लिश, ग्रामर, व्होकॅब्युलरी, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, 100 टक्के जॉब गॅरंटी, फ्री डेमो, आणि खाली नंबर. म्हणून लिहितेय. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये नवीन आलेल्या गावाकडच्या मुलामुलींनी कृपया पूर्ण वाचा.

मी बार्शीची. शिक्षण सगळं मराठीतून, बी.कॉम. झालं, बाबा आडत दुकानात हिशेब लिहितात. 2023 पासून चाकणला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. टॅली येतं, जीएसटीचं काम येतं, पण व्हेंडरचा फोन इंग्लिशमध्ये सुरू झाला की घशाला कोरड पडायची आणि मी फोन शेजारच्या मुलीच्या हातात द्यायचे. अप्रेझलला सरांनी तोंडावर सांगितलं की काम चांगलं आहे पण कम्युनिकेशन सुधारा. त्याच आठवड्यात मी डेमोला गेले, जून 2025 मध्ये.

डेमो खरंच छान होता, हे मुद्दाम सांगते कारण तिथंच माणूस अडकतो. सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, आय ॲम वर्किंग इन चाकण सिन्स टू इयर्स, आणि विचारलं चूक कुठंय. आम्ही पंधरा जण, एकालाही सांगता येईना. मग त्यांनी समजावलं की आपण मराठीत "दोन वर्षांपासून" म्हणतो म्हणून सरळ सिन्स टाकतो, पण किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर, आणि कधीपासून ते सांगायचं असेल, म्हणजे साल किंवा महिना, तर सिन्स, आणि काम अजून चालू आहे म्हणून ॲम वर्किंग नाही तर हॅव बीन वर्किंग. इतकी वर्षं चुकत होतं ते पाच मिनिटांत कळलं. मला वाटलं हाच माणूस आपल्याला शिकवणार. ते सर त्यानंतर एकदाही दिसले नाहीत.

डेमोनंतर काउन्सिलर मॅडमनी केबिनमध्ये नेलं. दहा मिनिटांची टेस्ट घेतली आणि म्हणाल्या, "ताई तुम्ही ए-वन लेव्हलला आहात, 60 दिवसांत बी-टू करून देतो." मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, ए-वन म्हणजे इंग्लिशची अगदी पहिली पायरी आणि बी-टू म्हणजे बऱ्यापैकी सहज बोलता येण्याची. नंतर वाचलं की इंग्लिशच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजानुसार बी-टूपर्यंत पोचायला साधारण 500 ते 600 तास शिकावं लागतं, आणि यांचे रोज एक तास धरले तरी होतात 60. भिंतीवर भारत सरकार नोंदणीकृत म्हणून फ्रेम होती, ती उद्यम नोंदणी निघाली, जी कुठलाही छोटा धंदा ऑनलाइन फुकटात, स्वतःच माहिती भरून करू शकतो. त्याचा शिकवण्याशी काही संबंध नाही.

फी 48,000, आजच घेतलं तर 36,000. मी म्हणाले एवढे नाहीत माझ्याकडं. "अहो ताई, एकदम कोण मागतंय, 3,000 चे 12 हप्ते, बिनव्याजी," आणि माझा मोबाईल घेतला, "द्या इकडं मी भरून देते फॉर्म." आधार, पॅन, सेल्फी, मग एकामागून एक ओटीपी. स्क्रीनवर सगळं इंग्लिश, त्या अंगठ्याने भराभरा वर सरकवत होत्या. त्यात मला बॉरोअर, म्हणजे कर्जदार, हा शब्द दिसला. अकाउंट्सचं काम करणारी मी, त्याचा अर्थ मला माहीत होता, आणि मी विचारलं सुद्धा, "मॅडम हे लोन आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, फीचेच हप्ते आहेत, सिस्टीममध्ये तसं नाव येतं." मागं चार जण बसले होते. अजून थांबून वाचत बसले असते तर हिला इंग्लिश वाचता येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं, या भीतीने मी गप्प बसले आणि शेवटचा ओटीपी सांगितला. आख्ख्या प्रकरणातली माझी चूक ती एवढीच, आणि त्यांचा सगळा धंदा याच भीतीवर चालतो.

क्लासबद्दल काय सांगू. शिकवायला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, तो स्वतः मागच्या बॅचचा विद्यार्थी. त्याला मी सिन्स आणि फॉरचं विचारलं तर म्हणाला दोन्ही चालतं. व्होकॅब्युलरी म्हणून झेरॉक्स पुस्तिका, ए पासून रोज दहा शब्द पाठ करायचे, त्यात सेन्सिबल समोर अर्थ लिहिलेला "संवेदनशील". अहो संवेदनशील म्हणजे सेन्सिटिव्ह, सेन्सिबल म्हणजे समंजस. असे शब्द पाठ करून मुलं इंटरव्ह्यूला जाणार होती.

आणि इंटरपर्सनल स्किल्स. हे मला सगळ्यात जास्त बोचतं. दुसऱ्या महिन्यात प्रॅक्टिकल म्हणून प्रत्येकाला नावं आणि नंबरांची यादी दिली, रोज 20 फोन करायचे, अनोळखी माणसाशी बोलायची भीती जाईल म्हणे. बोलायचं काय तेही छापून दिलेलं, मी इथं शिकते, मला खूप फरक पडला, तुम्ही डेमोला या. म्हणजे आम्ही पैसे भरून त्यांची टेलिकॉलिंग करत होतो. मी सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींशी गावाकडच्या भाषेत बोलायचे म्हणून माझे फोन लागू पडायचे, आणि मला वाटायचं आपण सुधारतोय.

ऑगस्टच्या शेवटी गणपतीची सुट्टी म्हणून सांगितलं, ते शटर परत उघडलंच नाही. नंबर बंद. हप्ता मात्र पाच तारखेला कापला गेला, तेव्हा बँकेत जाऊन विचारलं आणि कळलं की ते एका फायनान्स कंपनीचं लोन आहे, 36,000 जूनमध्येच क्लासवाल्याच्या खात्यात गेलेत आणि कर्जदार मी. ऑक्टोबरमध्ये मी खात्यात पैसे ठेवले नाहीत तर हप्ता बाउन्स, बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्यांचा वेगळा, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, खाली, आणि वसुलीचे फोन थेट बाबांना. बाबांनी आयुष्यात कुणाची उधारी ठेवली नाही.

मग एक एक माहिती काढत गेले, तुमच्या कामाला येईल. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज देताना मुख्य अटींचा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आणि समजावून सांगायचा, ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. मोबाईलवरून घेतलेल्या लोनमधून दंड न भरता बाहेर पडायला कूलिंग ऑफ मुदतही असते, कमीत कमी एक दिवस, त्यामुळे घरी येऊन त्याच रात्री सगळं उघडून वाचा, नाहीतर वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. जॉब गॅरंटीची जाहिरात कोचिंगवाल्यांनी करायची नाही असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्येच सांगितलंय. मी आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार केली, मग फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, 30 दिवस उत्तर नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातही जाता येतं आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. पोस्टरचा फोटो, पावती, व्हॉट्सॲपचे मेसेज, काही म्हणजे काही डिलीट करू नका. माझ्या पावतीवर क्लासचं नाव नाहीच, भलत्याच माणसाचं आहे, ते मी घरी येऊन सुद्धा बघितलं नव्हतं.

लोकपालाकडं गेल्यावर वसुलीचे फोन थांबलेत, लोन अजून तसंच आहे.

यादीतल्या ज्यांना मी फोन केले त्यातली कुर्डुवाडीची एक मुलगी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून आली होती, तिचेही हप्ते चालू आहेत. डिसेंबरमध्ये मी तिला परत फोन केला, सगळं खरं सांगितलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "ताई, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं." आता तिचा अर्ज माझ्या अर्जासोबत लिहितेय, मराठीत, आणि तिच्या लोनचे इंग्लिश कागद रविवारी फोनवर आम्ही दोघी डिक्शनरी घेऊन ओळ न ओळ वाचतो. आतापर्यंत सहा पानं झालीत.